फ्रीज स्वयंपाकघरात असतो

काल सकाळी दार उघडलं आणि पाहिलं, तर गाडीला हळद लागलेली.

हळद म्हणजे ओकचा पराग. टेक्सासात मार्च आला की ओकची झाडं जे काही उधळतात, त्यापुढे जेजुरीचा भंडारासुद्धा काटकसरीचा वाटावा. टप पिवळा, काच पिवळी, पायरीवर मांजर बसून उठलं की तिथं मांजराच्या आकाराची स्वच्छ जागा. आमचं सगळं शुगर लँड गाव शिंकत असतं. मीही शिंकते. पण माझ्या शिंकेला रक्ताचा वास असतो. गोड, व्हॅनिला घातल्यासारखा, कारण ते रक्त कॉर्न सिरपचं होतं. असाच पराग उडत असताना एका मोसमात मी एक राजा मारला, एका म्हाताऱ्या मंत्र्याला रक्त वाहून मरू दिलं, पॅरिसच्या चौकात घोड्यांचे पाय कापले. आणि हे सगळं यथासांग चाललेलं असताना माझा खुनी, नागपूरचा संकेत, हायवेच्या कडेला खरोखरच मरता मरता राहिला. एका शब्दामुळे राहिला. तो शब्दही माझा नव्हे, मोघे काकूंचा.

पण राजाला आधी मारू. क्रम चुकला की मुडदा नीट पडत नाही.

त्या थंडीत मला इंटरनेटवर एक जुनी फिल्म सापडली होती. मार्सेलचं बंदर, १९३४चा ऑक्टोबर. युगोस्लाव्हियाचा राजा फ्रान्सचा पाहुणा म्हणून बोटीतून उतरतो. त्याला अर्ध्या उघड्या मोटारीत बसवतात, शेजारी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री, पांढरी दाढी, नाकावर चिमट्याचा चष्मा. मोटार बैलगाडीच्या चालीनं निघते. गर्दीतून एक माणूस धावत येतो, मोटारीच्या पायरीवर उडी मारतो आणि धाड धाड धाड. घोड्यावरचा अधिकारी तलवारीनं त्याला खाली पाडतो, मग पोलीस गोळ्या झाडतात, मग लोक त्याला तुडवतात. आणि मग तो कॅमेरा, निर्लज्ज मेला, मोटारीत डोकावतो. मागच्या सीटवर राजा आडवा. डोळे उघडे.

मी ती फिल्म पुन्हा पुन्हा लावायची. नवरा म्हणाला, "मेधा, तो दर वेळी मरणारच आहे."

"हो, पण काय देखणा मरतो!"

राजाच्या घरातली माणसं मंगळवारी मेली होती म्हणून तो मंगळवारी समारंभाला जात नसे, असं सांगतात. या खेपेला इलाज चालला नाही. मार्सेलला उतरला तो वार मंगळवार. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठले. वार पाळणारा राजा! हा तर आपल्यातलाच निघाला. याला पाडव्याला स्टेजवर आणायचाच.

आमच्या मंडळात दर पाडव्याला एक एकांकिका होते आणि ती बहुतेक वेळा मीच बसवते. दिवसा मी तेलाच्या पाइपलाइनींची डिझाइनं तपासते. गळती कुठे होईल हे हुडकायचं आणि ती होऊ द्यायची नाही, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी थोडं रक्त सांडल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मेधाताई, पाडव्याला फ्रान्स?"

"का? फ्रान्सला पाडवा वर्ज्य आहे?"

"अहो पण लोक श्रीखंड-पुरी जेवून येणार. त्यांना एकदम खून?"

"जेवण्याआधी करू का?"

मग मी त्यांना ते वर्ष सांगितलं. सगळं उभं राहून, आवाज लावून. जानेवारीत आल्प्सच्या बर्फातला तो बंगला, आत एक महाठक. त्यानं खोट्या पाचूंवर खरे रोखे विकले होते आणि अर्ध्या सरकारला आपल्या खिशात बसवलं होतं. पोलीस दारात आले आणि आत डोक्यात गोळी. पोलीस म्हणाले, त्यानंच झाडून घेतली. पॅरिसमधलं शेंबडं पोरसुद्धा म्हणालं, हो का? फेब्रुवारीत त्यावरून चौकात दंगल पेटली. घोडेस्वार पोलीस चालून आले, तर लोकांनी घोड्यांच्या टापांखाली गोट्या ओतल्या, आपण खेळतो त्या काचेच्या गोट्या, आणि काठ्यांच्या टोकाला वस्तऱ्याची पाती बांधून घोड्यांच्या पोटऱ्या चिरल्या. एक बस जळत होती. माणसं मेली, सरकार पडलं. त्याच महिन्यात दिजोंजवळ रुळांवर एका न्यायाधीशाचे तुकडे सापडले, त्याच भानगडीची चौकशी त्याच्या हाताखालून गेली होती. आणि ऑक्टोबरात राजा मेल्याला दोन दिवस होतात न होतात, तोच पॅरिसच्या कोर्टात एका कोवळ्या पोरीवर खटला उभा राहिला. तिनं औषधाची पूड सांगून आई-बापाला विष पाजलं होतं. बाप गेला, आई वाचली.

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास मागितला.

ही विष घालणारी पोर नाटकात घ्यायची माझी फार इच्छा होती. पण आई-बापाला मारणारी मुलगी करायला शुगर लँडमधली एकही आई आपली मुलगी देईना. राजाला मारायला मात्र उमेदवारांची रांग लागली. त्यातून मी संकेतला उचलला. नुकताच ऑगस्टमध्ये पीएचडीला आलेला, ताडासारखा उंच, गालफडं बसलेली, बघताच पोलिसांनी कारण नसताना धरावा असा चेहरा. स्वभाव मात्र असा की मुंगीला वाट द्यायला थांबेल. पहिल्या तालमीला म्हणाला, "मावशी, मी याला का मारून राहिलो? याची फॅमिली आहे ना."

राजा झाले मोघे काका. वय सत्तरीचं, छाती भरदार, आणि कुठेही, कधीही झोपायची सिद्धी. राजाला मेल्यावर बराच वेळ पडून राहायचं होतं, तेव्हा त्यांच्याइतका तयार नट दुसरा नव्हता. लग्नातला बंदगळा कोट, त्यावर हॅलोविनच्या दुकानातली पदकं. काका त्यात उठून दिसायचे.

आणि काकांबरोबर, पिशवीबरोबर नाडी यावी तशा, मोघे काकू आल्या.

काकू रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात. पोरं इंग्रजीत उत्तर देतात, काकू मराठीत प्रश्न विचारतात, आणि हे युद्ध वर्षानुवर्षं तहाशिवाय चालू आहे. मी त्यांना प्रॉम्प्टिंगला बसवलं, ही त्यांना मान म्हणून दिलेली जागा. त्यांनी ती चौकी समजून घेतली. कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निसटला की विंगेतून आवाज यायचा.

"गन नाही. पिस्तूल म्हण."

"काकू, पिस्तूल म्हणजे पिस्टलच ना?" संकेत.

"ते घरात येऊन पिढ्या झाल्या. आता ते घरचं. तुझी ती गन अजून दारात उभी आहे, तिला आत घेऊ नकोस."

खरी ठिणगी पडली ती फ्रीजवरून. नाटकवाल्यांना हे सांगायला नको. दिग्दर्शक "फ्रीज!" म्हणाला की स्टेजवरच्या सगळ्यांनी आहे तिथं पुतळा व्हायचं. मी त्यावरच सगळं नाटक बांधलं होतं. संकेत मोटारीच्या पायरीवर उडी मारतो, हात उगारतो, मी ओरडते, "फ्रीज!", सगळं मार्सेल गोठतं आणि मी सूत्रधार म्हणून पुढे येऊन प्रेक्षकांना त्या वर्षाची गोष्ट सांगते. मग "चला" म्हटलं की गोळ्या सुटतात.

पहिल्यांदा "फ्रीज!" म्हटलं आणि विंगेतून शांतपणे उत्तर आलं, "फ्रीज स्वयंपाकघरात असतो."

घोडे हसायला लागले. आमचे दोन घोडे म्हणजे एका सॉफ्टवेअर कंपनीतले दोन टेस्टर होते, हातात नारळाच्या करवंट्या, टापांच्या आवाजासाठी.

"मग काय म्हणू, काकू?"

"स्तब्ध."

"स्तब्ध म्हणेपर्यंत राजा चारदा मरेल!"

"मरू दे. मराठीत मरेल."

काकांनी डोळे न उघडता मान डोलावली. मला हरण्याची सवय नाही, पण करवंट्या त्यांच्या बाजूच्या झाल्या. पुढचे कितीतरी शनिवार आमच्या तालमीत कुणी "फ्रीज" म्हटलं की कोणी हलायचं थांबत नसे. उलट सगळे एका सुरात ओरडायचे, "स्वयंपाकघरात असतो!" आणि काम पुढे चालू ठेवायचे. "स्तब्ध!" म्हटलं की मात्र श्वाससुद्धा अडकायचा. संकेत तर असा थिजायचा की एकदा त्याच्या नाकावर माशी बसली, चालत चालत भुवईपर्यंत गेली, तरी तो "चला"ची वाट पाहत राहिला.

अडचण एकट्या म्हाताऱ्या मंत्र्याची होती. तो मरतच नव्हता. खऱ्या मार्सेलमध्ये त्याला दंडात गोळी लागली, कुणीतरी पट्टी बांधली ती चुकीच्या जागी, आणि रक्त वाहत राहिलं. माझ्याकडे पट्टी बांधायला गर्दीतली एक बाई होती, ती प्रत्यक्षात हॉस्पिटलात इमर्जन्सीला असणारी डॉक्टर. दर तालमीला ती पट्टी बरोबर जागी आवळायची.

"अगं चुकीची बांध! त्याला मरायचंय!"

"मेधाताई, हातच जात नाही हो तसा. मी मनातून ठरवते, आणि हात आपला जखमेच्या वरच जातो."

आणि त्या मंत्र्याच्या मरणातच माझा हुकमाचा पत्ता होता. नाटकाचं शेवटचं वाक्य. सगळे मेलेले पडलेत, मी पुढे येते, थोडी थांबते, आणि गुपित सांगावं तसं म्हणते, "पुढे तपासात कळलं. मंत्र्याला लागलेली गोळी खुन्याची नव्हती. घाबरलेल्या पोलिसाची होती." दर तालमीला यावर हशा पिकायचा. थांबण्याची ती जागा मी आरशापुढे घोटली होती. एवढं चविष्ट वाक्य इतिहास फुकट देतो तेव्हा त्याला नाही म्हणू नये.

रंगीत तालीम मंगळवारी होती. शाळेचं सभागृह दुसऱ्या कुठल्या वारी मिळेना. काकूंचा मंगळवारचा उपास, त्या घरीच थांबल्या. साबुदाण्याची खिचडी करते, तालीम झाली की सगळे या, म्हणाल्या. संध्याकाळी शाळेच्या माणसानं दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा कपडे बदलायलाही वेळ उरला नाही. घोडे आपापल्या गाड्यांनी गेले. राजा, खुनी आणि दिग्दर्शिका संकेतच्या जुन्या गाडीत बसलो.

ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. संकेत स्टिअरिंगवर. अंगात काळा लांब कोट, गालावर, मनगटांवर, बोटांवर रक्त, कारण त्याला लोकांनी तुडवलं होतं. शेजारी मी, मांडीवर प्लॅस्टिकच्या गुलाबांचा मोठा गुच्छ. खुन्यानं पिस्तूल फुलांत लपवलं होतं अशी एक दंतकथा आहे. ती खरी नसली तरी नाटकासाठी मी ती खरी मानली होती, म्हणजे गुच्छात लाकडी, काळं रंगवलेलं पिस्तूल होतं. आणि मागच्या सीटवर राजा. छातीवर पदकं, पदकांखाली लाल डबकं, मान एका बाजूला, तोंड उघडं, गाढ झोप.

सूर्य समोर होता आणि काचेवर पराग. संकेतनं वायपर लावला, पाणी संपलेलं, काचेवर पिवळा लेप झाला. त्यातून सूर्य पिवळाधमक फुटायचा. "मावशी, काही दिसून नाही राहिलं," तो म्हणाला आणि गाडी अगदी हळू केली. कडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं पसरलेली, मोठाले ट्रक भोंगे वाजवत बाजूनं जात होते. "अशीच हळू," मी म्हटलं, "मार्सेलला मोटार अशीच चालली होती." मला अजून त्या वाक्याचा आवाज ऐकू येतो, लाडात आलेला.

मागे लाल-निळे दिवे लागले.

संकेतनं गाडी नीट कडेला घेतली. मी काका उठले का बघायला मागे वळले. वळून पुढे पाहते तो ड्रायव्हरची सीट रिकामी.

तो उतरला होता. नागपूरला शिटी वाजली की गाडी बाजूला लावायची, उतरायचं, आणि साहेबांकडे चालत जायचं. कागद त्यांनी मागायच्या आत हातात हवेत. गाडीत बसून राहायचं म्हणजे माज, साहेबांना आपल्यापर्यंत चालायला लावायचं म्हणजे त्याहून माज. त्याच्या वडिलांनी त्याला हे शिकवलं होतं, माझ्याही वडिलांनी मला हेच शिकवलं होतं. या देशात नेमकं उलटं असतं. इथं बसून राहणं ही अदब, हात स्टिअरिंगवर, दिसतील असे, आणि उतरणं म्हणजे हल्ला. हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याला अजून कुणी अडवलंच नव्हतं.

उघड्या दारातून मला दिसलं. ताडासारखा, काळ्या कोटातला, रक्तानं माखलेला पोरगा पोलिसाकडे चालतोय. आदरानं. डावा हात किंचित वर, नमस्कारासारखा. उजवा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे, लायसन्स काढायला.

पोलिसानं पिस्तूल काढलं. तो काहीतरी ओरडला, पुन्हा ओरडला. ट्रक गेला, त्यात शब्द फाटले, पण एक मला स्पष्ट ऐकू आला. फ्रीज.

तो संकेतनंही ऐकला. नंतर मला म्हणाला, "ऐकलं ना मावशी. पण तो शब्द थांबायचा आहे हे डोक्यात आलंच नाही. काकू आठवल्या. मला हसू आलं."

आणि तो हसला. पोलिसासमोर रक्तानं भरलेला एक माणूस हसला, चालत राहिला, आणि त्याचा हात कोटात शिरू लागला.

मी शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा आवाज लावला. "संकेत, स्तब्ध!"

तो थिजला. एक पाय उचललेला, हात कोटाच्या गुंडीवर, चेहऱ्यावर अर्धं हसू. त्याच्यामागे पराग उडत होता आणि तो हलत नव्हता.

पोलिसाच्या दोन्ही हातांत पिस्तूल होतं आणि त्या पिस्तुलाचं तोंड थरथरत होतं. तेवढं मला दिसलं. माझं लाकडी पिस्तूल कधी थरथरत नसे. खुन्यानं निर्भय दिसावं म्हणून मी संकेतचा हात कितीतरी वेळा सरळ केला होता. हे थरथरत होतं, कारण धरणारा घाबरला होता. तोही पोरच होता. संकेतच्याच वयाचा, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

तेवढ्यात माझ्या ओरडण्यानं राजा जागा झाला. मागच्या सीटवरून, रक्ताच्या डबक्यातून, पदकं खणखणवत काका उठून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आलं का घर?"

पिस्तूल गर्रकन काकांकडे वळलं.

"काका, स्तब्ध!"

तालमीत या माणसानं एकदाही माझं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तोंड उघडं ठेवून थिजले. आता गाडीच्या आत-बाहेर आम्ही तिघे पुतळे, आणि हलणारी वस्तू एकच, त्या पोराच्या पिस्तुलाची नळी. कधी काकांकडे, कधी संकेतकडे. तो आता शब्द तोडून तोडून सांगत होता, हात वर कर, वळ, गुडघ्यांवर बस. संकेत हलेना. आमच्या नाटकात "चला" आल्याशिवाय कुणी हलायचं नव्हतं.

"चला," मी म्हटलं. ट्रक गेला, त्याला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, "चला, संकेत. हात वर. अगदी हळू. वळ. बस खाली. काका, तुम्ही हलू नका."

तो बसला. बेड्या पडल्याचा आवाज आला. मग पोलीस माझ्या खिडकीकडे आला आणि माझं लक्ष खाली गेलं. माझ्या मांडीवर फुलं होती. फुलांत काय होतं ते मला माहीत होतं.

संवादातला सगळ्यात जड शब्द शेवटी टाकायचा, हे मी नटांना जन्मभर शिकवत आले. तिथं मी तो उलटा टाकला. "लाकडाचं," मी इंग्रजीत म्हटलं. "लाकडाचं आहे. नाटकातलं. खोटं." दोन्ही हात हवेत. "फुलांमध्ये. पिस्तूल."

त्यानं दाराबाहेरून, हात लांब करून, गुच्छ उचलला. पिस्तूल गवतात पडलं, त्यावर थोडा पराग बसला.

"मागे तो कोण आहे?"

"राजा."

"कुठला?"

"युगोस्लाव्हियाचा."

तो गोंधळला. "ते कुठे आहे?"

"आता नाहीये," मी म्हटलं.

मग आणखी गाड्या आल्या. एका वयस्कर पोलिसानं काकांच्या छातीवरच्या रक्ताला बोट लावलं, वास घेतला, आणि त्याच्या मिशा हलल्या. "पॅनकेकचा पाक," तो म्हणाला. त्यानंच संकेतच्या बेड्या काढल्या. विद्यार्थ्याचे कागद पाहिले, परत पाहिले, काच धू म्हणाला, एवढ्या हळू चालवू नको म्हणाला, आणि पुन्हा कधीही, कुणीही थांबवलं तरी, गाडीतून उतरू नको म्हणाला. संकेत प्रत्येक वाक्याला "येस सर" म्हणत होता. पहिला पोरगा आपल्या गाडीत दार उघडं टाकून बसला होता. पाण्याची बाटली तोंडाला लावायचा, आणि पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडायचं. लाकडी पिस्तूल त्यांनी ठेवून घेतलं. माझ्या पिशवीत काकूंचे फोनवर फोन येत होते. खिचडी गार होत होती.

काकूंच्या घरी पोचल्यावर काकांनीच सगळं सांगितलं, जेवढं त्यांनी झोपेतून पाहिलं होतं तेवढं. काकू ऐकत उभ्या होत्या. त्यांचं लक्ष संकेतच्या मनगटांवर होतं. लाल सिरप धुतल्यावर खाली खरे लाल वळ निघाले होते. त्या वळल्या, फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला, बर्फ पंच्यात गुंडाळला आणि त्याच्यासमोर बसून त्याची मनगटं शेकायला लागल्या.

संकेत त्या उघड्या राहिलेल्या फ्रीजकडे बघत होता. आधी तो हसला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि ते हसणं राहिलं नाही. काकूंनी बर्फ खाली ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं. "काकू, फ्रीजला मराठीत काय म्हणतात?"

"फ्रीजच," काकू म्हणाल्या. "खिचडी खा."

जाताना दारात तो मला म्हणाला, "मावशी, ती गन पुन्हा हातात घ्यायची नाही मला." काकूंनी ऐकलं, पण गनचं पिस्तूल केलं नाही.

मी कबूल झाले. तसंही पिस्तूल उरलं कुठे होतं?

पाडव्याला संकेत रिकाम्या हातानं मोटारीच्या पायरीवर चढला. गुच्छ बाजूला टाकला आणि बोट रोखलं. नुसतं बोट. ते सरळ नव्हतं, थरथरत होतं. मी ते सरळ कर म्हणून सांगितलं नाही. "स्तब्ध!" म्हटलं आणि श्रीखंडानं जडावलेलं सभागृह असं गप्प झालं की कुणाच्या तरी बाळाची चोखणी ऐकू आली. डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पट्टी चुकीच्या जागी बांधली, तोंड फिरवून. शेवटी मी पुढे आले. थांबले. म्हटलं, मंत्र्याला लागलेली गोळी घाबरलेल्या पोलिसाची होती. हशा आला, घोटल्याप्रमाणे, बरोबर जागेवर. मी वाकून नमस्कार करताना बाजूला पाहिलं. मोटारीशी मेलेला संकेत पडला होता. डोळे उघडे.

आता तो कॅरीला असतो, नॉर्थ कॅरोलायनात. औषधांच्या कंपनीत नोकरी, बायको, चार वर्षांची अन्वी. हा प्रसंग आता काका सांगतात. त्यांच्या आवृत्तीत ते पहिल्यापासून जागे असतात आणि पोलिसाला दोन शब्द सुनावतात. आम्ही अडवत नाही. राजाच्या तोंडी कुणी लागत नाही.

काल ती मंडळी इकडे आली. संध्याकाळी जेवायला निघालो. संकेतच्या बायकोला पराग सोसत नाही, ती शिंकून शिंकून घरीच झोपली. भाड्याची मोठी गाडी, संकेत चालवत होता, मी शेजारी, मागे काका, काकू आणि त्यांच्यामध्ये खुर्चीत बांधलेली अन्वी. काच त्यानं निघण्याआधी तीनदा धुतली होती. मी त्यावरून त्याला चिडवत होते. काका राजाचा प्रसंग सांगत होते, जागेपणी.

मागे लाल-निळे दिवे लागले.

संकेतनं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. माझे हात डॅशबोर्डवर कधी गेले मला कळलं नाही. काकांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. गाडीत कुणी श्वास घेईना. दिवे जवळ आले, काचा लाल झाल्या, निळ्या झाल्या, आणि भोंगा आमच्या बाजूनं सरळ पुढे निघून गेला, दुसऱ्याच कुणाच्या तरी मागे. त्याच्या झोतानं रस्त्यावरचा पराग उठला आणि हळूहळू खाली बसत राहिला.

मागून अन्वीचा आवाज आला, इंग्रजीत. सगळे फ्रीज का झालेत?

काकूंनी मान वळवली नाही. ओठसुद्धा नीट हलवले नाहीत.

"फ्रीज स्वयंपाकघरात असतो, बाळा."

दिवे दिसेनासे झाले तरी आम्ही तसेच बसलो होतो. "चला" म्हणायचं काम माझं होतं. मला ते लवकर जमलं नाही.